लालबागमधलं कुत्र्यांचं क्लिनिक, आमच्या टिकलीचं बाळंतपण आणि एक्स-रेचे ८०० रुपये

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली येईलच.

आधीच सांगते, क्लिनिकचं नाव इथे टाकत नाहीये. डॉक्टरांनीच हात जोडून सांगितलं की ताई कुठे लिहू नका, आत्ताच संध्याकाळी उभं राहायला जागा नसते. चिवडा गल्लीच्या आसपास कुठल्याही कुत्रेवाल्याला विचारा, दोन मिनिटांत पत्ता मिळेल.

आता टिकली. टिकली आमची म्हणजे खरं तर बिल्डिंगची, काळी कुळकुळीत आणि कपाळावर बरोब्बर मधोमध पांढरा ठिपका, म्हणून टिकली. दोन वर्षं जिन्याखाली राहतेय आणि आई तिला रोज भाकरी-अंडं घालते. नसबंदीवाली गाडी मागच्या वर्षी आली तेव्हा बाकीचे तिघे सापडले, ही बया पंप रूमच्या मागे जाऊन बसली ती गाडी गेल्यावरच बाहेर आली. त्यामुळे त्या तिघांच्या कानाला नसबंदीची खूण म्हणून कट आहे आणि हिच्या नाही. मे संपताना आई म्हणाली हिचं पोट बघ. मी म्हंटलं तूच खायला घालून घालून फुगवलंयस. आई म्हणाली, "मी दोन बाळंतपणं काढलीत, मला शिकवू नकोस." झालं, दुसऱ्या दिवशी टिकली जिन्याखालून आमच्या वन रूम किचनमध्ये, माहेरपणाला.

पहिल्यांदा आम्ही भलत्याच ठिकाणी गेलो होतो. नाव नको, चकाचक काचेचं, आत एसी, कॉफी मशीन. तिथे पोटाला नीट हात लावायच्या आधीच एक लॅमिनेट केलेला कागद पुढे आला, मॅटर्निटी पॅकेज साडेचौदा हजार. त्यात कॅल्शियमचं सिरप, मल्टिव्हिटॅमिन, बाहेरच्या देशातली दुधाची पावडर, बाळंतिणीचा बेड, आणि वर "सिझेरियनची तारीख आधीच बुक करून ठेवा, रिस्क नको". अहो रस्त्यावरची देशी कुत्री आहे ती, त्यांचं बहुतेक वेळा आपापलं व्यवस्थित होतं हे मलासुद्धा माहितीये. आईने कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का ते बघितलं आणि आम्ही उठलो.

मग हे क्लिनिक. एक तास चाळीस मिनिटं बाहेर बाकावर, शेजारी एक मांजर पिंजऱ्यातून अखंड शिव्या देत होतं. आत गेल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, मेटिंग कधी झालं? आई म्हणाली मुहूर्त आम्हाला विचारून नव्हता काढला. ते हसले आणि सोनोग्राफी लिहून दिली. ती इथे होत नाही, दुसरीकडे पाठवतात, हा पहिला मायनस पॉइंट. पोट टम्म असलेल्या कुत्रीला टॅक्सीत घालून परत वेगळ्या ठिकाणी न्यायचं म्हणजे वैताग, त्यात चार टॅक्सीवाले कुत्रा बघून पुढे निघून गेले. सोनोग्राफीत साधारण २५ दिवसांनंतर कळतं म्हणे, आम्हाला तर ठोके पण दिसले, स्क्रीनवर बारीक बारीक लुकलुक. रिपोर्टवरून डॉक्टरांनी अंदाज काढला की पाच आठवडे झालेत. कुत्रीचे दिवस सरासरी ६३, पण मेटिंगपासून मोजलं तर ५८ ते ६८ मध्ये कधीही, आणि आमची तर तारीखच अंदाजे, त्यामुळे त्यांनी कालनिर्णयच्या फोटोवर एका तारखेला गोल न करता जुलैच्या जवळजवळ दोन आठवड्यांनाच गोल केला. म्हणाले या दिवसांत गावाला जायचं नाही कोणी.

खाण्यावरून मात्र आईची आणि डॉक्टरांची जुंपली. आईने तोवर डिंकाचे लाडू वळले होते. मेथी, खारीक, बेदाणे, जायफळ, सगळं साग्रसंगीत. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. बेदाणे-मनुके कुत्र्याची किडनी बसवू शकतात, जायफळ पण चालत नाही, लाडू तुम्ही खा मावशी. आणि त्या काचवाल्यांकडून मी घाबरून एकच वस्तू घेतली होती, कॅल्शियमची बाटली, तीही बंद करायला लावली. मला वाटलं होतं पोटुशीला कॅल्शियम हवंच ना, आपल्याकडे बायकांना देतातच की. तर त्यांनी समजावलं ते असं, की गाभणपणात वरून कॅल्शियम ओतत राहिलं की शरीर आपल्या हाडांतून कॅल्शियम काढायची सवयच सोडतं, आणि मग व्याल्यावर दुधासाठी एकदम मागणी वाढली की रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येतं. मग कुत्री थरथरते, पाय ताठ होतात, नुसती धापा टाकते, आणि तसं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, ताबडतोब उचलून न्यायचं. हे जास्त करून व्याल्यावर दोन ते चार आठवड्यांत होतं म्हणे, म्हणजे आपण सुटलो बाबा असं वाटायला लागतं तेव्हाच. मी हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं, अजून आहे.

मग खायचं काय, तर पहिले सहा आठवडे नेहमीचंच, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत पिल्लांचं ड्राय फूड, जोडीला उकडलेलं चिकन आणि भात. पण एकदम ताटभर नाही, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, कारण पोटात पिल्लांनी जागा अडवलेली असते. जंताचं औषध पण दिलं, गाभण कुत्रीला चालणारं. जंत आईकडून पिल्लांत पोटातच जातात हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं आणि कळलं नसतं तरी चाललं असतं.

आता एक्स-रे. दिवस साधारण ५६, डॉक्टर म्हणाले एक एक्स-रे काढू, ८०० रुपये. मी मनात म्हंटलं आले हे पण लायनीवर. सोनोग्राफी झालीये, पिल्लं आहेत हे दिसलंय, आता परत फोटो कशाला? तर सोनोग्राफीत आकडा नीट लागत नाही, आणि एक्स-रेत पिल्लांची हाडं ४५ दिवसांनंतर दिसायला लागतात पण मोजायला ५५ च्या पुढे सोपं जातं. त्यांनी फिल्म उजेडात धरली आणि पेनाच्या टोकाने मोजून दाखवलं, एक डोकं, त्याला हा मणका, दुसरं डोकं, हा मणका, अगदी माळ मोजल्यासारखं. पाच. "ताई, पाच हा आकडा पाठ करा. रात्री तीन वाजता लागेल." मी हो म्हंटलं आणि ८०० रुपये जीपे केले, जरा नाराजीनेच.

तयारीचं थोडक्यात सांगते. ऑनलाइन मागवलेला बॉक्स आला तो मांजराच्या मापाचा, परत गेला, पैसे यायला तीन आठवडे. शेवटी दादाने टीव्हीचा मोठा खोका आणला, पुढून इतकाच कापला की टिकली ओलांडेल पण पिल्लू बाहेर येणार नाही. आत चारी बाजूंनी, तळापासून थोडं वर, पीव्हीसीचा पाइप बसवला, ही डॉक्टरांची आयडिया, म्हणजे आई भिंतीला टेकून बसली तरी मागे फट राहते आणि पिल्लू चेंगरत नाही. खाली पेपर, वर आजीची जुनी नऊवारी. गोधडी घालू नका म्हणाले, उसवलेल्या दोऱ्यात पाय अडकतात. आणि हे सगळं दहा दिवस आधी मांडून ठेवा म्हणजे तिला सवय होईल, तर तिने पहिले पाच दिवस ढुंकून बघितलं नाही आणि माझ्या ऑफिसच्या कपड्यांच्या खणात उकरत बसायची. मग एका रात्री आपणहून गेली खोक्यात.

थर्मामीटर. हा भाग कोणालाच आवडत नाही पण करावाच लागतो, दिवसातून दोनदा, मागून, व्हॅसलीन लावून. टिकलीचं नेहमी १०१ च्या आसपास असायचं. ९९ च्या खाली गेलं की पुढच्या २४ तासांत कळा, असा साधारण हिशोब. मी रोज आकडा पाठवायचे आणि डॉक्टर रोज अंगठा पाठवायचे. इथे या क्लिनिकची खरी सर्व्हिस सुरू होते. शेवटच्या आठवड्यासाठी रात्रीच्या फोनचे ते ५०० रुपये वेगळे घेतात, आणि घेतात ते बरंच आहे, कारण मग आपण मध्यरात्री फोन करायला लाजत नाही. पण त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती, ऑपरेशन लागलं तर रात्री माझ्याकडे होणार नाही. त्यामुळे आमच्याकडून आधीच पाठ करून घेतलं की गाडी कोणाची, चालवणार कोण, पाणी भरलं तर कुठून जायचं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल आम्हाला चालत जाण्याइतकं, १८८३ पासूनचं, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं हॉस्पिटल, २०२४ मध्ये सुरू झालेलं. दोन्हीकडे आधीच फोन करून रात्रीचं विचारून ठेवा, ऐन वेळी गूगल करत बसू नका असं बजावलं होतं.

आणि व्हायचं तेच झालं, जुलैतला तो धो धो पाऊस. सकाळी टेम्परेचर ९८.४. टिकलीने चिकनला तोंड लावलं नाही, नुसतं उकरतेय, फेऱ्या मारतेय, धापा टाकतेय. मेसेज केला तर उत्तर, "आज रात्री किंवा उद्या सकाळपर्यंत. दुपारी झोपून घ्या." झोप कसली येतेय. संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर हिंदमाताचे फोटो यायला लागले, गुडघाभर पाणी, एक माणूस डोक्यावर लॅपटॉपची बॅग घेऊन. दादाचा मित्र टेम्पो घेऊन खाली थांबतो म्हणाला होता, तो बिचारा खरंच थांबला.

१२:२० ला पहिलं. टिकलीने स्वतःच पिशवी फाडली, नाळ तोडली, चाटून चाटून लालबुंद केलं, आम्ही तिघं नुसते हात बांधून. वार (म्हणजे प्लासेंटा) पण तिनेच खाल्ली, मी तेवढी मोजून लिहिली कारण प्रत्येक पिल्लामागे एक वार बाहेर यायला हवी. १२:५५ ला दुसरं. मधे हिरवट काळं पाणी गेलं, ते बघून मी हादरले असते पण सांगून ठेवलं होतं की पहिल्या पिल्लानंतर हिरवं चालतं, पहिल्याच्या आधी हिरवं आलं तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही.

तिसऱ्याला शेपूट आणि मागचे पाय आधी. आई ओरडली, "अगं पायाळू आहे!" मी व्हिडिओ कॉल लावला, १:३० वाजले होते, तिसऱ्या रिंगला उचलला, बनियनवर होते. म्हणाले कुत्र्यांत पायाळू भरपूर येतात, त्याचं टेन्शन नको, ओढू नका, घड्याळ बघा आणि जोर लावायला कधी सुरुवात केली ते सांगा, अर्धा तास जोर लावूनही आलं नाही तर निघायचं. मी सांगितलं सात मिनिटं. बरं, मग बघत बसू. आणि खरंच ते फोनवर बसून राहिले, मागे त्यांच्या घरात पंख्याचा आवाज येत होता. एकोणिसाव्या मिनिटाला पिल्लू आलं आणि हललंच नाही. ओल्या मोज्यासारखं पडून. टिकली पण थकलेली, तिने एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले तोंडातलं पाणी कापडाने पुसा, डोकं जरा खाली करा, टॉवेलने घासा, मावशी जोरात, भांडी घासता तसं, घाबरू नका. आणि झटके देऊन हवेत फिरवायचं नाही, यूट्यूबवर दाखवतात तसलं काही करू नका. आईने घासलं. किती वेळ ते मला आठवत नाही, कॉल हिस्ट्रीवरून दोन-तीन मिनिटं असावीत. मग एक आवाज आला, दार करकरतं ना तसा, आणि दादा जो इतका वेळ मोबाइल धरून उभा होता तो एकदम खालीच बसला.

चौथं २:३५ ला, विनातक्रार. आणि मग सगळं शांत. टिकली आडवी, चौघं लुचतायत, बाहेर पाऊस कमी झालेला. आई म्हणाली झालं गं, चहा टाकते. मला पण वाटलं झालंच, पोटाकडे बघून काहीच कळत नव्हतं. आणि मग तो आकडा आठवला. पाच. एक्स-रे नसता तर मी दिवा घालवून झोपले असते. ३:४५ ला परत फोन. जोर लावतेय का? नाही. शांत आहे, दूध पाजतेय? हो. मग थांबा, अशी शांत असेल तर दोन तासांपर्यंत विश्रांती घेते, पाणी द्या, पट्टा लावून जिन्यापर्यंत फिरवा आणि सोबत टॉर्च आणि टॉवेल न्या, कारण काही कुत्र्या शू करायला बसतात आणि पिल्लू तिथेच. आम्ही पॅसेजमध्ये टॉर्च घेऊन तिच्या शेपटीमागे, समोरच्या काकूंनी दार उघडून बघितलं आणि काही न विचारता बंद केलं. ४:२५ ला पाचवं आलं. सगळ्यात बारकं. मेसेज टाकला "पाच", उत्तर आलं "झोपा".

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले, होम व्हिजिट १००० रुपये, आणि पाण्यातून चालत आले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. प्रत्येक पिल्लाच्या तोंडात बोट घालून टाळू बघितली, टिकलीचं पोट दाबून बघितलं, आचळ एकेक करून बघितलं. सगळ्यांनी चीक प्यायला का विचारलं, पहिल्या दिवसाचा चीक चुकवायचा नाही. माझा स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला आणि पाचही जणांना डब्यात घालून तोललं, चौघं ३०० च्या वर आणि शेवटचं २५५ ग्रॅम. रोज याच वेळेला वजन, रोज वाढलंच पाहिजे, आठ-दहा दिवसांत दुप्पट. गळ्यात लोकरीचे रंगीत धागे बांधून दिले ओळखायला. तो बारक्या दुसऱ्या दिवशी दोन ग्रॅम कमी भरला तेव्हा मी गाईचं दूध ड्रॉपरने पाजणार होते, बरं झालं आधी विचारलं. गाईचं दूध पिल्लांना सोसत नाही, पातळ पडतं आणि जुलाब होतात. त्यापेक्षा बाकीच्यांना दहा मिनिटं बाजूला काढा आणि याला एकट्याला मागच्या आचळांना लावा, तिथे दूध जास्त. चार दिवसांत गाडी रुळावर.

उबेवरून परत आई विरुद्ध डॉक्टर. आईला बाळंतिणीसारखी शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी हवी होती. धूर अजिबात नाही, पण ऊब मात्र हवीच, कारण नवीन पिल्लांना कुडकुडता पण येत नाही, पहिला आठवडा त्यांच्याजवळ तीस अंशांच्या आसपास लागतं. मुंबईत आपल्याला वाटतं इथे कसली थंडी, पण पावसात ओल्या लादीवर पंखा फुल असेल तर पिल्लं गार पडतात. गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एकाच कोपऱ्यात, म्हणजे नको झालं तर सरकायला जागा. पाचवीची पूजा आईने केलीच, त्यावर डॉक्टरांचं काही म्हणणं नव्हतं. बाराव्या दिवशी डोळे उघडायला लागले आणि दादाने लोकलच्या स्टेशनांवरून नावं ठेवली, चिंचू, करी, शिवडी, दादर, आणि जो सगळ्यात शेवटी उशिरा पोचला तो कर्जत.

एकूण खर्च: ओपीडी तीनदा १२००, सोनोग्राफी बाहेर १५००, एक्स-रे ८००, रात्रीचा फोन ५००, व्हिजिट १०००, जंताचं औषध वगैरे ३५०, म्हणजे ५३५०. आता तुम्हीच त्या साडेचौदा हजारांशी लावा हिशोब.

कापलेला स्टार: सोनोग्राफी नाही, रात्रीचं ऑपरेशन नाही, टोकन सिस्टिम म्हणजे एका वहीत नाव लिहायचं आणि ती वही कोणीतरी उचलून नेतं. रिसेप्शनवरच्या काकांना काही विचारलं की ते पंख्याकडे बघून उत्तर देतात. डॉक्टरांचं अक्षर तर केमिस्टने मला परत वाचायला दिलं. आणि बिल मागितल्याशिवाय मिळत नाही.

पिल्लं आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत द्यायची नाहीत ही त्यांची अट. विकायचं असेल तर तसा २०१७ चा नियमच आहे, आम्ही फुकट देत होतो तरी हलले नाहीत. दर दोन आठवड्यांनी जंताचं औषध, सहाव्या-सातव्या आठवड्यात पहिली लस, सगळं त्यांच्याकडेच. टिकलीचं दूध आटल्यावर ऑक्टोबरमध्ये नसबंदी करून घेतली, आता तिच्या पण कानाला कट आहे. चिंचू आणि शिवडी डोंबिवलीला, करी आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, दादर विरारला गेला. कर्जतला बघायला दोघं येऊन गेले, दोन्ही वेळा आईने त्यांना चहा दिला आणि याला पोट बिघडायची सवय आहे म्हणून सांगितलं, जी त्याला अजिबात नाही.

जायचं असेल तर गुरुवारी बंद. संध्याकाळी सहाच्या आत पोचून वहीत नाव लिहा, आणि पेन स्वतःचं न्या.